नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा

दातांच्या डॉक्टरांशी मी आयुष्यात दोनदा भांडले. पहिल्यांदा त्यांनी माझी चांगली दाढ उपटली म्हणून, आणि दुसऱ्यांदा बाबांच्या कार्डावरून. पहिल्या भांडणात चूक त्यांचीच होती, ते त्यांनीही कबूल केलं. दुसऱ्या भांडणात कोण चुकलं ते सांगायला बसले की अजून माझा आवाज चढतो, आणि मग एकदम बसतो. शाळेच्या कॅन्टीनमध्ये आयुष्य काढलंय मी. आवाज चढणं माझ्या सवयीचं आहे. बसणं नाही.

कार्ड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रेशनकार्ड. माझ्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं निघायची. खेळायच्या पत्त्याएवढी, जाड पुठ्ठ्याची. वर खेळाडूचा रंगीत फोटो, खाली पांढरी पट्टी, पट्टीत त्याचं नाव आणि तो कुठल्या जागेवर खेळतो ते. मागच्या बाजूला सगळ्यांना एकच चित्र, कंपनीचा हिरवा पोपट. आमच्या शहरातल्या फुटबॉल संघांची अशी अख्खी मालिकाच निघाली होती. पोरं च्युइंगम घटकाभर चावून थुंकायची आणि कार्डं जिवापाड जपायची.

त्यातल्या एका संघाचे गोलकीपर माझे बाबा. खरेखुरे, पहिल्या पसंतीचे. बुटके, कुरळ्या दाट केसांचे, पण उडी अशी मारायचे की लोक त्यांना स्प्रिंग म्हणायचे. त्याच संघात राखीव गोलकीपर होता, त्याला म्हणायचे लंबू. उंच, लांब तोंडाचा, भर जवानीत टक्कल पडायला लागलेला. कार्डं छापताना छापखान्यातल्या कुणा शहाण्यानं ह्या दोघांचे फोटो बदलले. बाबांच्या नावावर लंबूचं लांब तोंड आलं आणि लंबूच्या नावावर बाबांचे कुरळे केस.

बाबा छापखान्यात जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, "अहो, पोराटोरांच्या च्युइंगममधलं चित्र ते, कोण बघतंय?" कोण बघतंय! सगळं शहर बघत होतं.

त्याच हंगामात बाबांचा गुडघा गेला. पाय प्लास्टरमध्ये, गोलमध्ये लंबू. गुडघा बरा झाला पण उडी काही परत आली नाही. बाबा बसडेपोत फिटर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत. तिथे कुणाला सांगितलं, मी गोलकीपर होतो, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरून आपल्या पोराचं कार्ड घेऊन यायचा. "हा लांबलचक बाप्या म्हणजे तुम्ही? मग काय, धुतल्यावर आटलात?" डेपोत त्यांचं नावच पडलं, आटलेला. बाबा त्यांच्याबरोबर हसायचे, आणि घरी येऊन ताट तसंच सरकवायचे. शाळेत मला पोरी थापाड्याची मुलगी म्हणायच्या. माझी जीभ जी धारदार झाली ती तिथे झाली, आणि नखंही.

आई शिवणकाम करायची. बाही उलटी लागली तर ती कपाळाला हात लावून बसायची नाही. उसवायची आणि नीट जोडायची. तिनं कुठून कुठून मागून दोन्ही चुकीची कार्डं मिळवली, टेबलावर शेजारी ठेवली, आणि फोटो संपून पट्टी सुरू होते त्या रेघेवरून दोन्ही सरळ कापली. मग पट्ट्या बदलल्या. मागून पोपटाच्या पायाखाली मलमलीची बारीक चिंधी खळीनं चिकटवली आणि कार्डं रात्रभर इस्त्रीच्या वजनाखाली दाबून ठेवली. दोन खोट्या कार्डांची दोन खरी झाली. बाबांच्या नावावर बाबा, लंबूच्या नावावर लंबू.

"एक आपलं," ती बाबांना म्हणाली, "आणि हे त्यांच्या घरी देऊन या. त्यांचंही तसंच झालंय ना."

बाबा संध्याकाळी परत आले. दिलं म्हणाले. लंबू खूश झाला, खो खो हसला म्हणाले. वहिनींनी चहा पाजला, फार गोड होता म्हणाले.

ही गोष्ट आई वर्षानुवर्षं सांगत आली, त्या गोड चहासकट. तिच्या हातून आयुष्यात पुष्कळ चांगली कामं झाली, पण अभिमान तिला ह्याच एका कामाचा. "दोन घरांचं दुखणं एका कात्रीनं घालवलं मी," म्हणायची. आमचं कार्ड काचेच्या कपाटात उभं असायचं. बाबा गेले तरी ते तिथेच राहिलं.

आता डॉक्टरांकडे येते. दवाखाना बंद केल्यावर लोक बागकाम करतात, देशाटन करतात. हे डॉक्टर ती जुनी कार्डं जमवत बसले. सगळी मालिका पुरी केली आणि क्लबच्या हॉलमध्ये भिंतभर फ्रेम करून मांडली. वर्तमानपत्रात बातमी आली. बातमीत सगळ्यात ठळक काय, तर 'उलटी जोडी', म्हणजे छपाईत चेहरे बदललेले दोन गोलकीपर. असली चूक जमवणाऱ्यांना फार मोलाची असते म्हणे. मी मूर्खासारखी ती बातमी आईला वाचून दाखवली.

आईचं हृदय तेव्हा थकलं होतं. पलंगापासून खिडकीपर्यंत जायची आणि तिथे बसून दम खायची. हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. ह्याचा अर्थ कुणालाही कळतो. तिनं बातमी ऐकली, पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाली, "म्हणजे आता तिथेही लोक हसतात ह्यांना?"

"हसू देत गं. कोण ओळखतंय आता त्यांना?"

"तेच ना. मी गेले की कोणीच नाही ओळखणार. मग ते लांब तोंडच ह्यांचं म्हणून राहील." ती कपाटाकडे बघत होती. "आपलं कार्ड त्या फ्रेममध्ये लागलेलं मला बघायचंय. ह्यांच्या नावावर ह्यांचा चेहरा, चार लोकांसमोर. एकदा बघितलं की माझं काही मागणं नाही."

ज्या बाईनं आयुष्यात कधी काही मागितलं नाही तिनं हे मागितलं. मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

हॉलचे पडदे ओढलेले होते. उजेडानं रंग उडतात म्हणून. डॉक्टर हातमोजे घालून मऊ फडक्यानं फ्रेमची लाकडं पुसत होते. काचेमागे कार्डांच्या रांगाच रांगा. मी डोळ्यांनी बाबांचं नाव शोधलं, आणि वर तो लांब चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, हे काढा."

"तुमची उरलेली दाढ नीट आहे ना?" ते दचकून म्हणाले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच नाही म्हणाले. "इथे काही खोडायचं नाही, चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही. दुमडलेला कोपरा मी सरळसुद्धा करत नाही. जसं छापलं तसं. आणि तुमचं तर मधोमध कापलेलं आहे, बाई. आम्ही जमवणारे त्याला मेलेलं कार्ड म्हणतो."

"मेलेत माझे बाबा," मी म्हणाले. "कार्ड जिवंत आहे."

हॉलमध्ये माझा आवाज घुमला. डॉक्टरांनी हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "लावणार नाही. पण बघायला येतो."

आले ते डोळ्याला लावायचं भिंग घेऊनच. आईनं कार्ड स्वतः कपाटातून काढून दिलं. डॉक्टर ते खिडकीपाशी तिरपं धरून कितीतरी वेळ बघत राहिले. जोड सापडेना.

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"नाही, वाऱ्यानं आलं उडून."

"मी दातांमध्ये असं काम केलेलं नाही कधी." त्यांनी कार्ड अलगद टेबलावर ठेवलं. "पण काय करू? कितीही सुबक असलं तरी हे खोटं आहे."

"आणि तुमच्याकडचं खरं?" आई म्हणाली. तिला धाप लागली होती, तरी ती थांबली नाही. "ह्या माणसाला ते तोंड होतं? मी संसार केलाय ह्यांच्याशी, डॉक्टर. मला विचारा ना, हे कसे दिसायचे."

मला वाटलं, जिंकलो आपण. पण डॉक्टर बोटानं टेबलावर रेघा ओढत काहीतरी जुळवत होते.

"मावशी, माझे नियम घटकाभर बाजूला ठेवू. दुसरीच अडचण आहे. तुमचं हे कार्ड मी लावलं, तर तुमचे यजमान फ्रेममध्ये दोन ठिकाणी दिसतील. इथे स्वतःच्या नावावर, आणि तिथे लंबूंच्या नावावर. मग लंबू कुठे? आत्ता चुकीच्या नावावर का होईना, तो बिचारा आहे तरी. हे लावलं की तो संपलाच."

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या तर चेहऱ्यावर हसू आलं. "मग त्यांच्याकडचं आणा की. दुसरं कार्ड त्यांच्या घरी आहे. हे स्वतः नेऊन देऊन आलेत."

"दोन्ही आणलीत," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "तर माझी जोडी काढून तुमची लावीन. बाकीचे जमवणारे मला वाळीत टाकतील."

"टाकू देत," मी म्हणाले. "आम्ही येऊ तुमच्याकडे."

क्लबच्या कचेरीतून लंबूंचा पत्ता मिळाला. लंबू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी अजून होत्या, जुन्या गोदामांच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना अंधारा, कठडा ताज्या रंगानं चिकट. दार उघडलं ते बारीक अंगाच्या, पांढरे केस आखूड कापलेल्या बाईंनी. मी कोण ते सांगितल्याबरोबर त्यांनी माझा हातच धरला. "स्प्रिंगची मुलगी? ये, ये, आत ये."

बसल्या बसल्या मी कामाचं बोलले. "काकू, आईनं करून दिलेलं ते कार्ड थोडे दिवस द्याल का? प्रदर्शन संपलं की मी स्वतः आणून देईन."

"कुठलं कार्ड गं?"

"बाबांनी आणून दिलं होतं ते. काकांच्या नावावर काकांचाच चेहरा."

"तुझे बाबा आमच्याकडे कधी आलेच नाहीत."

"नाही कसे? तुम्ही चहा पाजलात त्यांना. फार गोड होता."

"नाही गं बाळा. मी वाट बघायचे. किती वेळा ह्यांना म्हटलं, बोलवा त्यांना. हे म्हणायचे, त्याची जागा मला मिळाली, तो माझ्या दारात यायचा नाही. रस्त्यात दिसले तर पलीकडून जायचे तुझे बाबा."



काकू आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात रेशमी कापडात दोन कार्डं होती. दोन्ही चुकीची, छापखान्यातून आली तशीच. त्यांनी ती माझ्या समोर ठेवली. एकावरच्या नावावर बोट ठेवलं आणि दुसऱ्यावरच्या चेहऱ्यावर. "हे नाव ह्यांचं. आणि हा चेहरा ह्यांचा. लोकांना असंच दाखवायचे हे, दोन्ही शेजारी धरून. बघा, हा मी, आणि हे माझं नाव. लोक म्हणायचे, असेल बुवा. गोदामात ह्यांना विचारायचे, लंबू, कुरळे केस भाड्यानं आणले होते काय रे? आमच्या मुलाचा पुढचा दात शाळेत ह्याच्यावरूनच पडला. शेवटी दवाखान्यात होते ना, तिथेही नर्सला दाखवली कार्डं. तिनं नाव वाचलं, वरचा तुझ्या बाबांचा चेहरा बघितला आणि म्हणाली, काका, किती देखणे होतात हो तरुणपणी. ह्यांनी मग कार्डं मला देऊन टाकली."

जन्मभर मी धरून चालले होते की ही नाचक्की फक्त आमच्या घराची. तीच, अगदी शब्दाला शब्द, ह्या दुसऱ्या मजल्यावरही चालू होती. आणि तिच्यावरचा इलाज माझ्या आईनं तेव्हाच करून, इस्त्रीखाली दाबून, घरातून बाहेर पाठवला होता. तो बाबांच्या खिशातून पुढे सरकला नाही. कुठे टाकला त्यांनी, फाडला, की शर्टाबरोबर धुऊन निघाला, आता कुणाला विचारायचं? बाबांचा इतका राग मला त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता.

घरी आई केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून बसली होती, जशी काही लंबूची स्वारीच येणार होती. जिन्यात मी ठरवलं होतं, सांगायचं की कार्ड हरवलं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि माझं तोंड वाचायला आईला चष्मा लागत नाही. सगळं सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चहा गोड होता म्हणाले."

"आई..."

"फार गोड होता म्हणाले गं. साखर जास्त घालतात त्या, म्हणाले." तिचा हात चादरीवरून फिरत होता. "इतकं कशाला सांगायचं? नुसतं दिलं म्हणायचं. मी चहाही पाजला त्यांना मनातल्या मनात, त्या वहिनींच्या हातचा, इतकी वर्षं."

मी बाबांची बाजू घेतली. राग आला असला तरी बाप माझाच होता. "गुडघा गेला, जागा गेली. ज्याच्याकडे गेली त्याच्याच दारात कसे जाणार होते ते? पाय उचलला नसेल त्यांचा."

"मग मला सांगायचं. मी गेले असते. मला काय दोन जिने जड होते?" ती एवढ्या जोरात बोलली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "ह्यांचं तोंड भिंतीकडे कर."

मी कपाटातलं कार्ड फिरवून ठेवलं. पुढे पोपट आला. मेलेल्या नवऱ्यावर रुसलेली बाई मी त्याआधी बघितली नव्हती. दोन-तीन दिवस तिनं कपाटाकडे ढुंकून पाहिलं नाही. धड जेवली नाही, औषधंही माझ्याशी हुज्जत घालून घ्यायची. मला धास्ती बसली, की जे एक बघण्यासाठी ती टिकून होती तेच मी माझ्या हातानं मोडून ठेवलं. डॉक्टरांचा निरोप आला, काय झालं दुसऱ्या कार्डाचं? मी विचारलं, "आई, आपलं एकटंच लावू या का? डॉक्टरांना मी पटवते, लंबूंचं काय व्हायचं ते होऊ दे."

"खबरदार," ती म्हणाली. "त्यांना एकदा पुसलंय आपण. पुन्हा पुसायचं? आपलं लागणार नाही. आधी त्यांचं. बोलाव वहिनींना, आणि तो डबा घेऊन या म्हणावं."

काकू आल्या. आई पलंगावर उठून बसली होती. एकमेकींना दोघी पहिल्यांदाच बघत होत्या. आईनं हात जोडले आणि सरळच म्हणाली, "वहिनी, माझा माणूस चुकला."

"तुम्ही केलं होतंत ना?" काकू म्हणाल्या. "आमच्यासाठी कुणीतरी केलं होतं, हे मला परवा कळलं. यांना कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच."

आईनं मान खाली घातली. मग कात्री मागितली. काकूंचं एक कार्ड तिनं समोर धरलं, कात्री रेघेवर आणली, आणि हात असा थरथरायला लागला की पातं पुठ्ठ्यावर टकटक वाजायला लागलं. तिनं कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मी करू म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की बस. माझ्या हाताला डाव आणि पातेली कळतात, हे खरंच आहे.

"तुझ्या त्या दातवाल्याला बोलाव," आई म्हणाली.

डॉक्टर आले. काकूंची कार्डं त्यांनी भिंगाखाली घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे कोपरे बघा. हा रंग बघा. माझी जोडी ह्याच्यापुढे काहीच नाही. काकू, अशी जोडी पुन्हा कुठे सापडायची नाही. कापू नका हो ही." ते खुर्चीत बसले, उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले. मग फार हळू म्हणाले, "माझी कापतो. फ्रेममधली. ही राहू द्या."

"नको," काकू म्हणाल्या. "माझीच कापा. ही ह्यांच्या हातातली आहेत."

डॉक्टरांनी पुढे वाद घातला नाही. दवाखान्याच्या पेटीतून बारीक पातं काढलं, पोलादी पट्टी काढली. आई पलंगावरून पुढे झुकून सांगत होती, "दाबू नका. ओढूही नका. रेघ जिथे नेते तिथे जा." कोपरा दुमडला तर ज्यांचा जीव कासावीस होतो, त्या माणसानं श्वास रोखून पातं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं. कार्डाचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी पातं ठेवलं, चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले.

"अजून एक आहे," आई म्हणाली.

त्यांनी तेही कापलं. मलमल आईनं फाडून दिली, खळ मी शिजवली, तेवढं मला जमतं. जोड डॉक्टरांनी बसवले आणि वर आईची जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. काकू त्या रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी आईनं इस्त्री उचलायला लावली आणि कार्ड आधी काकूंच्या हातात दिलं. काकूंनी नाव वाचलं, वरचं लांब तोंड बघितलं. परत नाव वाचलं.

"हां," त्या म्हणाल्या. "हे."

दुसरं कार्ड बाबांचं झालं होतं, पण आईनं ते हातात घेतलं नाही. कपाटातल्या बाबांचं तोंडही अजून भिंतीकडेच होतं. डॉक्टरांकडे बोट दाखवून म्हणाली, "न्या दोन्ही. आणि प्रदर्शन संपलं की लंबूभाऊजी सरळ त्यांच्या घरी गेले पाहिजेत. मध्ये कुणाच्या खिशात नाहीत." डॉक्टरांनी शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली.

एका सकाळी हॉल लोकांसाठी उघडायच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावलं. चाकाची खुर्ची बाजूच्या दारानं आत घेतली. काकूंनी मला ढकलू दिली नाही, खुर्चीच्या मुठी त्यांनीच धरल्या. 'उलटी जोडी' लिहिलेली पट्टी डॉक्टरांनी काढून टाकली होती आणि एक पडदा थोडा सारला होता, आईला नीट दिसावं म्हणून. रंग उडाले तर उडाले, म्हणाले.

त्या रांगेत दोघं शेजारी शेजारी होते. बाबा बाबांच्या नावावर, लंबू लंबूंच्या. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ह्यासाठीच ती इतके दिवस राहिली होती. पण तिनं काकूंना खूण केली आणि खुर्ची आधी लंबूंच्या पुढे नेली. काचेवर हात ठेवला, चारही बोटं टेकवून. डॉक्टरांनी हातातलं फडकं मागे लपवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचं द्यायला फार उशीर झाला आमच्याकडून."

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग आईनं स्वतःच चाकाला हात घातला आणि खुर्ची जराशी सरकवली. आता तिच्यासमोर बाबा होते, कुरळ्या केसांचे, गोलच्या जाळीपुढे उभे, खाली त्यांचं स्वतःचं नाव. मला वाटलं आता रडेल, किंवा हसेल तरी. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, शाल खांद्यावर ओढली, आणि काचेपुढे बोट नाचवत म्हणाली, "तुमच्याशी मी घरी गेल्यावर बोलते."